सात आठवडे पूर्ण, तरी टेबल नाही: कोविडनंतरच्या एका गुडघेबदलाचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील गाळले आहेत. दिवस मोजताना कोविडच्या पहिल्या लक्षणाचा दिवस हा शून्य धरला आहे.)

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांच्या बाई. दोन्ही गुडघ्यांत झिजेचा संधिवात. क्ष-किरणात दोन्हीकडे केलग्रेन-लॉरेन्स चौथी श्रेणी, म्हणजे आतल्या बाजूची कूर्चा संपून हाडावर हाड. उजवा जास्त दुखणारा आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला. घरातल्या घरात भिंतीचा आधार घेत चालणं, जिना बंद, रात्री कूस बदलताना जाग. नऊ वर्षांचा मधुमेह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. बीएमआय ३३. कोविड लशीचे तिन्ही डोस झालेले.

एकाच भरतीत चार दिवसांच्या अंतराने दोन्ही गुडघे बदलायचे असं ठरलं होतं. त्या वेळच्या तपासण्या: हिमोग्लोबिन १२.३, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ०.९, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१, विश्रांतीतली नाडी ७६. त्यांच्या वयाला आणि आजारांना साजेसे, शस्त्रक्रियेला चालणारे आकडे. हे आकडे पुढे फार उपयोगी पडले, कारण नंतरचा प्रत्येक आकडा त्यांच्याशी ताडून पाहता आला.

अडचण कशी समोर आली

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी, म्हणजे पंधराव्या दिवशी, भूलतपासणी होती. बाईंनी ताप, खोकला यांबद्दल एक शब्द काढला नाही. चोरी पकडली ती साखरेने. उपाशीपोटी २१२. एरवी त्यांच्या घरच्या वहीत १२० ते १४० च्या पलीकडे आकडा नव्हता. भूलतज्ज्ञांनी गेल्या महिन्यातली सगळी औषधं पिशवीतून काढून दाखवायला सांगितली, तेव्हा मिथाइलप्रेडनिसोलोन १६ मिलिग्रॅमची सात गोळ्या संपलेली पट्टी निघाली. मग बाकीचं बाहेर आलं: चार दिवस ताप, कोरडा खोकला, तिसऱ्या दिवशी चाचणी पॉझिटिव्ह, उपचार घरीच. ऑक्सिजन कधी ९५ च्या खाली गेला नव्हता. "सांगितलं असतं तर तारीख गेली असती," एवढंच त्यांचं म्हणणं.

इथे थोडं थांबायला हवं. महिनोन्महिने दुखण्यात काढलेल्या माणसाला मिळालेली तारीख म्हणजे सुटकेचा दिवस असतो. तो जपण्यासाठी रुग्ण आजार लपवतात. "गेल्या महिन्यात काही आजारपण?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. "गेल्या दोन महिन्यांत कोणती गोळी, इंजेक्शन, सिरप घेतलं?" याला मात्र खरं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

स्टिरॉइडची तशी गरज नव्हती. ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा रिकव्हरी या मोठ्या औषध-अभ्यासात दिसला नव्हता. सात दिवसांच्या कोर्सने अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या) मंदावण्याची भीती फारशी नसते, पण साखर चढते. आणि चढलेल्या साखरेत कृत्रिम सांधा बसवणं म्हणजे जंतुसंसर्गाला वाट मोकळी करून देणं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठरल्या तारखेला, बाविसाव्या दिवशी, शस्त्रक्रिया करण्याचा. बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं: आजार सौम्य, लस झालेली, ताप उतरून दहा दिवस झालेले, भूल पाठीतून द्यायची असल्याने घशात नळी घालायची नाही. विषाणूसंसर्गानंतर श्वासनलिका काही आठवडे चिडलेली राहते आणि नळी घालताना-काढताना आकुंचन पावू शकते; तो धोका इथे बराच कमी होता. पण खोकला अजून होता. पाठीतून भूल दिलेला रुग्ण जागा असतो, आडवा झोपलेला असतो आणि सांधा हाडाला धरून ठेवणारं सिमेंट घट्ट होत असताना खोकल्याची उबळ आली की सगळा पाय हलतो. कागदावर किरकोळ वाटणारी ही गोष्ट टेबलाशी तशी राहत नाही.

दुसरा पर्याय चार आठवडे थांबण्याचा, तिसरा किमान सात आठवड्यांचा.

सात हा आकडा आला कुठून, ते इथे सांगायला हवं, कारण त्यावर टीममध्ये मतभेद होता. कोविडसर्ज आणि ग्लोबलसर्ज या संशोधक गटांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. संसर्ग न झालेल्यांत ३० दिवसांतला मृत्युदर, इतर घटक जमेस धरून, १.५ टक्के. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत ४.१, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६, आणि सात आठवड्यांपुढे पुन्हा १.५. मात्र सात आठवडे उलटूनही लक्षणं चालू असलेल्यांत हाच दर ६ टक्के होता. पहिला निष्कर्ष सगळ्यांच्या तोंडी आहे. दुसरा बहुतेक जण विसरतात.

या अभ्यासाचं बोट धरून गुडघेबदलाचा निर्णय जसाच्या तसा घेता येत नाही. त्यात तातडीच्या आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियाही होत्या, काळ लशीपूर्वीचा होता, विषाणूही पुढच्या रूपांपेक्षा वेगळा होता. ठरवून केलेल्या गुडघेबदलात मृत्युदर मुळातच एक टक्क्याच्या बराच खाली असतो. म्हणूनच जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आणि अॅनेस्थेसिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनने सूचना सैल केल्या: पहिले दोन आठवडे ठरवून करायची शस्त्रक्रिया नको, दोन ते सात आठवड्यांच्या मध्ये रुग्णाचं वय, इतर आजार, लक्षणं आणि शस्त्रक्रियेचा आवाका तोलून ठरवा.

शल्यचिकित्सकांचा कल चार आठवड्यांकडे होता, भूलतज्ज्ञांचा सातकडे. पारडं झुकलं ते तीन गोष्टींनी: साखर २१२, न गेलेला खोकला, आणि गुठळीचा धोका. कोविडनंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण तीन महिने आणि फुप्फुसात गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत वाढलेला राहतो, असं स्वीडनमधल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. गुडघेबदल स्वतःच गुठळीला निमंत्रण. दोन धोके एकावर एक चढवायची घाई कशाला, हा प्रश्न शेवटी निर्णायक ठरला. त्याच बैठकीत एका भरतीत दोन्ही गुडघ्यांचा बेतही रद्द झाला. फक्त उजवा करायचा, आणि पन्नासाव्या दिवशी फेरतपासणी.

दिवस कुठून मोजायचा यावरही घोळ झाला. नातेवाइकांनी "रिपोर्ट निगेटिव्ह आल्यापासून" सात आठवडे धरले आणि त्यासाठी अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा आरटी-पीसीआर करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली आणि घरात पुन्हा विलगीकरण सुरू झालं. आरटी-पीसीआर विषाणूचे मृत तुकडेही पकडते. ती ९० दिवसांपर्यंत पॉझिटिव्ह राहू शकते. लक्षणं नसलेल्या माणसाची या काळात ती करूच नये, शंका असेल तर अँटिजेन चाचणी करावी. मोजणी पहिल्या लक्षणापासून किंवा पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून.

मधले रिकामे आठवडे

या प्रकरणातली मोठी चूक इथे झाली. रुग्णाला नवी तारीख दिली. मधल्या पाच आठवड्यांत काय करायचं ते दिलं नाही.

दुखणं काही थांबलं नव्हतं. बाईंनी दुकानातून डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणलं, आधी दिवसातून एक, मग दोन, मग तीन. टेल्मिसार्टन चालूच होतं. या दोन औषधांची जोडी मूत्रपिंडातला गाळण्याचा दाब दोन्ही बाजूंनी उतरवते: डायक्लोफिनॅक आत येणारी रक्तवाहिनी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं. त्यात पाणी कमी प्यायलं की भर पडते. पोटात आग होत होती, ती त्यांनी जेवणाच्या माथी मारली.

याच काळात घराजवळच्या डॉक्टरांनी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. सुदैवाने त्यांच्या मुलीने आधी फोन केला. गुडघ्यात स्टिरॉइड टोचल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर खोलवरच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक तेवढं अंतर ठेवतात. एका इंजेक्शनने तारीख आपोआप आणखी तीन महिने पुढे गेली असती. फोनवर नकार मिळाला, पर्याय मात्र मिळाला नाही. तेव्हाच पॅरासिटामॉल दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत, गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅक आणि डाव्या हातात काठी एवढं सांगितलं असतं, तरी पोटातल्या गोळ्या थांबल्या असत्या. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेक रुग्ण ती दुखऱ्याच बाजूच्या हातात धरतात आणि तिचा उपयोग नाही म्हणून सोडून देतात.

पन्नासावा दिवस

सात आठवडे पूर्ण. खोकला गेलेला. उपाशीपोटी साखर १३४. "धाप लागते का?" "नाही." इथे बाईंना पास करून टाकणं अगदी सोपं होतं.

पण गुडघ्याच्या रुग्णाचं "धाप लागत नाही" हे उत्तर सोन्यासारखं घासून घ्यावं लागतं. धाप लागण्याइतकं चालायला गुडघा देतच नाही. दोन जिने न थांबता चढता येतात का, हा नेहमीचा प्रश्न इथे निरुपयोगी. फुप्फुसाआधी गुडघा थांबतो. सहा मिनिटं चालण्याची चाचणी दुसऱ्या मिनिटाला दुखण्यामुळे संपते. खुर्चीतून उठ-बस करायला लावावं तर तेच.

म्हणून हातांवर काम दिलं. खुर्चीत बसून, प्रत्येक हातात अर्धा किलोचं वजन, खांद्यापासून डोक्याच्या वर, मिनिटाला वीसच्या गतीने दोन मिनिटं. बोटाऐवजी कानाच्या पाळीला ऑक्सिमीटर, म्हणजे हात हलताना आकडा नाचत नाही. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे आणि तिच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. पण आणखी शोधायचं की नाही एवढं ती सांगते. विश्रांतीतली नाडी ९८ होती (आधी ७६). दोन मिनिटांनंतर ती १३४ झाली आणि ऑक्सिजन ९७ वरून ९२ वर आला. पूर्ववत व्हायला चार मिनिटं लागली.

आता यादी मोठी होती: फुप्फुसात गुठळी, हृदयाच्या स्नायूला सूज, फुप्फुसात राहिलेला आजार, रक्त कमी असणं, नुसती अशक्तता. ईसीजीत नाडी वेगाने, बाकी लय ठीक. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि इको सामान्य. पायांच्या डॉपलरमध्ये गुठळी नाही. डी-डायमर, म्हणजे गुठळीचा माग काढणारी रक्तचाचणी, मुद्दाम केली नाही. वय, संधिवात आणि अलीकडचा संसर्ग यांमुळे ती वाढलेलीच निघाली असती आणि त्यातून काहीच ठरलं नसतं. सीटी अँजिओग्राफी हवी होती, पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि क्रिएटिनिन १.४ निघालं. तरी मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता चाळिशीत, म्हणजे सीटीसाठी लागणारं रंगद्रव्य देण्यासारखी होती. डायक्लोफिनॅक आणि टेल्मिसार्टन थांबवले, मेटफॉर्मिन ४८ तास बंद ठेवलं आणि सीटी केली. गुठळी नव्हती. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धूसर पट्टे मात्र अजून होते.

हिमोग्लोबिन १०.४. सात आठवड्यांत दोनच्या आसपास घसरण. लोहाची संपृक्तता १२ टक्के. दुर्बिणीतून जठर पाहिलं तर खालच्या भागात बारीक बारीक व्रण. नाडी का धावत होती याचं निम्मं उत्तर फुप्फुसात सापडलं, निम्मं पोटात. कोविडचा दोष किती आणि वाट पाहण्याचा किती, ते वेगळं काढता येत नाही.

दुसरा निर्णय

शल्यचिकित्सकांनी रास्त प्रश्न विचारला: आणखी थांबायचं, तर किती? दुखणं वाढतंय, मांडीचे स्नायू सुकताहेत. या दराने तीन महिन्यांनी बाई जास्त अशक्त असतील. रक्त चढवून पुढच्या आठवड्यात उरकायचं का?

रक्त चढवण्याचा विचार बाजूला पडला. चढवलेलं रक्त जंतुसंसर्गाचा धोका वाढवतं आणि १०.४ ला त्याची गरजही नव्हती. ठरलं ते असं की यापुढे आठवडे मोजायचे नाहीत, अटी मोजायच्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर. क्रिएटिनिन १.१ किंवा कमी. विश्रांतीत नाडी ८५ च्या खाली आणि हातांच्या चाचणीत ऑक्सिजन ९४ च्या खाली न जाणं. उपाशीपोटी साखर सलग दोन आठवडे १५० च्या आत. चारही जमल्या की तारीख, मग तो कितवाही आठवडा असो.

शिरेतून लोह (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज) १००० मिलिग्रॅम एकदा दिलं. पोटासाठी पँटोप्राझोल. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि रात्रीसाठी ट्रामाडॉलचा छोटा डोस. व्यायाम बसून-झोपून: पलंगावर गुडघा खाली दाबून मांडी पाच सेकंद आवळायची, दहा-दहाचे तीन फेरे, पाय सरळ उचलणं, खुर्चीत बसून पायडल सायकल बिनभाराची, दहा मिनिटं, दोनदा. श्वासासाठी तीन चेंडूंचं यंत्र. आणि दर सोमवारी परिचारिकेचा फोन. पहिल्याच फोनवर कळलं की शेजारणीने दुखण्याची म्हणून दिलेली गोळीही डायक्लोफिनॅकच होती, नाव वेगळं.

साखरेवर एचबीए१सीने नजर ठेवणं इथे फसवं होतं. पन्नासाव्या दिवशी ते ७.९ होतं, पण त्यात स्टिरॉइडच्या दिवसांची साखर मिसळलेली. शिवाय लोहाच्या कमतरतेत ते खोटं वर जातं आणि लोह दिल्यावर नव्या तांबड्या पेशी आल्या की खोटं खाली येतं. म्हणून फ्रुक्टोसअमाइन ही रक्तचाचणी केली. ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचीच साखर सांगतं. गुडघेबदलाच्या अभ्यासांतून त्याची २९३ मायक्रोमोल ही मर्यादा पुढे आली आहे. बाईंचं २६८ आलं.

शस्त्रक्रिया आणि नंतर

९४ व्या दिवशी चारही अटी जमलेल्या होत्या: हिमोग्लोबिन १२.४, क्रिएटिनिन १.०, नाडी ८०, हातांच्या चाचणीत ऑक्सिजन ९५, आणि साखर दोन आठवडे मर्यादेत. शंभराव्या दिवशी उजवा गुडघा बदलला. डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद, कारण उपाशी पोटी ते चालू राहिलं तर साखर फार न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. पाठीतून भूल, मांडीत अॅडक्टर कॅनाल ब्लॉक (गुडघ्याकडे जाणारी नस बधिर करणारं इंजेक्शन), छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत सेफाझोलिन हे प्रतिजैविक दोन ग्रॅम, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक अॅसिड एक ग्रॅम. गुंगीचं औषध अगदी कमी, म्हणजे श्वास स्वतःचा राहावा. टेबलावर काही विशेष घडलं नाही. संध्याकाळी वॉकर धरून बाथरूमपर्यंत चालणं झालं.

गुठळी टाळायला हल्ली अनेक ठिकाणी अॅस्पिरिन पुरतं. इथे दोन कारणांनी ते नको झालं: जठरातले व्रण नुकते भरलेले आणि कोविडला सहा महिने न झालेले. त्याऐवजी एनोक्सापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. शल्यचिकित्सकांना चौदा दिवस पुरेसे वाटत होते. जखमेतून रक्त झिरपत राहिलं तर तोही जंतूंना रस्ताच, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. दर तिसऱ्या दिवशी जखम पाहायची या बोलीवर २८ ठरले.

दुसऱ्या रात्री ताप ३८.२ अंश सेल्सियस आणि ऑक्सिजन ९३. सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला. पहिल्या दोन-तीन दिवसांतला ताप गुडघेबदलानंतर नेहमीचा. तो बहुधा शरीराच्या दाहाचा असतो, जंतूंचा नव्हे. अँटिजेन निगेटिव्ह, छातीचं चित्र आधीसारखंच, पोटऱ्या मऊ. प्रतिजैविक वाढवलं नाही. खुर्चीत बसवलं, दर तासाला दहा दीर्घ श्वास, दुखणं आटोक्यात. छत्तीस तासांत ताप उतरला. पाचव्या दिवशी घरी. सहा आठवड्यांनी गुडघा ० ते १०५ अंश वाकत होता. मांडीची ताकद अपेक्षेपेक्षा मागे होती आणि ती भरून यायला आणखी दोन महिने लागले. जखमेत जंतुसंसर्ग नाही, गुठळी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख देतानाच रुग्णाला एक वाक्य सांगायला हवं होतं: मध्ये आजारी पडलात तर कळवा, तुमचा नंबर जाणार नाही. ही हमी नसल्यामुळेच आजार लपला. पंधराव्या दिवशी साखर पाहिली गेली म्हणून निभावलं. ती १५० असती तर बाई बाविसाव्या दिवशी टेबलावर असत्या.

पुढे ढकलताना तारखेसोबत दुखण्याची योजना आणि चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन-क्रिएटिनिन व्हायला हवं होतं. दुसऱ्या टप्प्यातले सहा-सात आठवडे त्यामुळे बहुधा निम्मे झाले असते.

बाविसाव्या दिवशीच शस्त्रक्रिया केली असती तर? टीममधल्या एकाचं मत अजूनही असं आहे की काही बिघडलं नसतं, हिमोग्लोबिन तेव्हा चांगलं होतं, मूत्रपिंड ठणठणीत होतं. हे खोडून काढता येत नाही. पण साखर २१२ असताना सांधा बसवायला तोही तयार नव्हता.

एक सावधगिरी: ही आठवड्यांची गणितं कोविडची आहेत, ती सगळ्या विषाणूंना लावू नयेत. साध्या सर्दीत नळी न घालता भूल द्यायची असेल तर लक्षणं जाऊन दोनेक आठवडे बहुधा पुरतात. डेंगीनंतर पाठीत सुई घालण्याआधी प्लेटलेट पाहाव्या लागतात. चिकुनगुन्यात तर प्रश्नच वेगळा: गुडघा झिजेने दुखतोय की विषाणूने, हे कळेपर्यंत शस्त्रक्रियेचा विचारच पुढे ढकलावा, कारण ते दुखणं काही महिने राहून आपोआप कमी होऊ शकतं.

डाव्या गुडघ्याची तारीख अजून पडलेली नाही. हातांची चाचणी मात्र बाईंची तब्येत चांगली असतानाच करून ठेवली आहे: नाडी ७८ वरून १०४, ऑक्सिजन ९७ वरून ९६. पहिल्या वेळी ताडून पाहायला हाच आकडा नव्हता.